गवत जांभळे का दिसते?

वाचकहो, या पानावर मी बहुधा रक्तदाब, गुडघेदुखी, औषधांच्या वेळा अशा विषयांवर लिहिते. या वेळी संगणकावरील एका खेळाविषयी लिहिणार आहे, आणि तोही पंचवीस वर्षांपूर्वीच्या. आपल्यापैकी अनेकजण म्हणतील, आमच्या घरी असले काही नाही. खेळ नसेल, पण जुना टेपरेकॉर्डर असेल, बटणांचा फोन असेल, पायाने चालवायचे शिवणयंत्र असेल. ते बंद पडले की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आता नवीनच घेऊ." या वाक्यानंतर ज्येष्ठांच्या मनात काय काय घडते, ते मला गेल्या वर्षी ओळीने पाच रविवार एका संगणकासमोर बसून पाहायला मिळाले.

माझे मामा मिरजेत राहतात. वय ८१. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झाले. मामी जाऊन सहा वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. डाव्या हातात थोडी कमजोरी उरली आणि नुकत्याच घडलेल्या गोष्टी निसटू लागल्या. जेवण झाले की नाही, हे ते वहिनींना, म्हणजे त्यांच्या सुनेला, दोनदा विचारतात. मात्र रोज सकाळी नऊ ते अकरा ते 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ खेळत. १९९९ साली निघालेला हा खेळ, आणि २००० साली आलेली 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी, नातू शाळेत असताना घरात आली. नातू मोठा होऊन जर्मनीला गेला, खेळ आजोबांकडे राहिला.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मध्ययुगातले एक गाव आपल्या हाती येते. गावकऱ्यांना लाकूड तोडायला, शेती करायला, सोने आणि दगड खणायला लावायचे. त्यातून घरे, गिरणी, तटबंदी, किल्ला उभारायचा. मग शत्रू येतोच. मामांना लढाईत विशेष रस नाही. ते तटबंदी बांधतात. आयुष्यभर कालवे आखलेला माणूस आणखी काय करणार?

दिवाळीनंतर एके दिवशी त्यांचा २००४ सालचा संगणक सुरू होईना. मामेभावाने आठवड्याच्या आत उत्तम लॅपटॉप आणला. हेतू चांगलाच होता. पण लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. ती बाहेरून जोडायची पेटी आणली. मग खेळ म्हणाला, 'डायरेक्टप्ले' नावाचा भाग हवा. हा विंडोजचाच जुना भाग असून आता तो आपणहून चालू नसतो, मागून घ्यावा लागतो. तो घेतला. मग पुरवणी म्हणू लागली, सीडी घाला. सीडी पेटीत फिरत होती, तिचा आवाज आम्हा तिघांना ऐकू येत होता, आणि पडद्यावर मात्र तीच मागणी.

"मी कुठली तरी चुकीची कळ दाबली असणार," मामा म्हणाले.

त्यांनी कळ दाबलीच नव्हती. माऊस माझ्या हातात होता.

खरे कारण असे. सीडी अस्सल आहे की नक्कल, हे ओळखण्यासाठी त्या काळच्या अनेक खेळांत 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असे. ते उघडण्यासाठी विंडोजच्या गाभ्यातला एक लहानसा प्रोग्रॅम लागे. त्या प्रोग्रॅममधून घुसखोरी होऊ शकते असे दिसून आले होते. म्हणून २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये तो घेतलाच नाही, आणि त्याच वर्षी आधीच्या आवृत्त्यांतही सुरक्षेच्या अपडेटने तो बंद झाला. निर्णय योग्यच होता. २००४ साली रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयाच्या धोक्यामुळे बाजारातून गेले, तेव्हा ज्यांचे गुडघे त्यावर छान चालत होते असे रुग्ण माझ्याशी वाद घालायला येत. त्यांची अडचण खरी होती आणि औषध जाणेही बरोबर होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे समोरच्याला समजावणे मला आजही नीट जमत नाही.

दुसऱ्या रविवारी मी मामांना सांगलीला दवाखान्यात बोलावले. तिथे विंडोज ७ चा एक संगणक आहे, इंटरनेटला न जोडलेला. त्यावर खेळ सुरू झाला! आणि मामा एकदम गप्प झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आधी उजवा डोळा हाताने झाकून पाहिले, नंतर डावा.

"अगं, गवत जांभळं दिसतंय मला. पाणी लाल." थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "हे डोळ्याचं आहे, की पुन्हा डोक्याचं?"

गवत मलाही जांभळेच दिसत होते. हा खेळ एका वेळी फक्त २५६ रंगांच्या तक्त्यावर चालतो. विंडोज ७ वर त्याच तक्त्यात डेस्कटॉपही हात घालतो, रंगांचे क्रमांक बदलतात, आणि हिरव्याच्या जागी भलताच रंग उमटतो. खेळ चालू असताना डेस्कटॉपचा प्रोग्रॅम तात्पुरता बंद केला की गवत पुन्हा हिरवे. हे करायला पाच मिनिटे लागली. पण त्याआधीच्या दोन मिनिटांत मामांनी मनातल्या मनात दुसरा पक्षाघात सोसला होता.

वाचकहो, माझे आजचे सांगणे या दोन मिनिटांविषयीच आहे. यंत्र अडले की तरुण माणूस यंत्राला शिव्या घालतो. वृद्ध माणूस, विशेषतः ज्याला एकदा आजाराने हलवून सोडले आहे असा, तो दोष स्वतःच्या खात्यावर टाकतो. पडद्यावरची चूक त्याला स्वतःच्या आजाराचे लक्षण वाटते. आणि आपण शेजारी बसून "बाबा, थांबा, मी करतो" म्हणत माऊस ओढून घेतो, तेव्हा त्याच्या निदानावर शिक्कामोर्तब करतो. म्हणून मोठ्याने आणि स्पष्ट सांगावे: "हे मलाही तसेच दिसते आहे. बिघाड यंत्रात आहे." रंगाबद्दल शंका आली तर भिंतीवरचे कॅलेंडर, स्वतःचा तळहात पाहायला सांगावे, तिथले रंग नेहमीसारखे असतील तर दोष पडद्याचा. मात्र दृष्टी अचानक गेली, डोळ्यांपुढे पडदा सरकल्यासारखे झाले, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

दवाखान्यातला संगणक रुग्णांच्या नोंदींचा, तो मामांना देता येईना. मग इतर वाटा. खेळाला सीडी विचारूच न देणाऱ्या फायली आडवळणाच्या ठिकाणी मिळतात. त्यांच्यासोबत आणखी काय घरात शिरेल याचा भरवसा नाही, त्यामुळे ती वाट मी बंद ठेवली. आठवड्याभरात घरी एक वेगळाच प्रकार झाला. मामांनी फोनवर शोधून कुठल्याशा 'मदत केंद्रा'चा क्रमांक लावला. पलीकडचा माणूस अतिशय आदराने बोलत होता. स्क्रीन दिसण्यासाठी एक ॲप टाका, म्हणाला. वहिनी भाजी चिरता चिरता ऐकत होत्या, त्यांनी फोन काढून घेतला नाही, फक्त म्हणाल्या, "बाबा, आधी ताईंना विचारूया का?" हे कौशल्य कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. असे ॲप टाकून घेऊन खाती रिकामी केल्याचे प्रकार होत असतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लाजेने चार दिवस गप्प बसू नये.

नवी आवृत्तीही आहे. २०१९ साली याच खेळाची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली, आजच्या संगणकावर ती व्यवस्थित चालते. मामेभावाने ती विकत घेऊन दिली. चित्र देखणे, अक्षरे स्वच्छ. मामांनी अर्धा तास पाहिले.

"शेतं आपोआप पेरली जातात यात," ते म्हणाले. "मग मी काय करायचं?"

जुन्या खेळात शेताचा कस संपला की ते पुन्हा पेरावे लागते. तरुण खेळाडूंना ती कटकट वाटे. मामांसाठी तो सकाळचा परिपाठ होता. एखादी कृती वर्षानुवर्षे केली की ती हातांत मुरते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळातही ही हातांची स्मृती कालच्या घटनांच्या स्मृतीपेक्षा जास्त टिकते. म्हणूनच ज्या आजींना सकाळचा पाहुणा आठवत नाही, त्या भाकरी थापताना चुकत नाहीत. त्यांच्या हातात नवी, अधिक सोयीची परात दिली तर कदाचित चुकतील. गोळीची कंपनी बदलून पांढरीची गुलाबी झाली की माझे कितीतरी ज्येष्ठ रुग्ण ती दोनदा घेतात किंवा घेतच नाहीत. हा खेळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही. पण तो बंद झाल्यापासून मामा दुपारी तीन तास झोपत, रात्री दोनला उठून घरभर फिरत, आणि त्यांच्या मागे वहिनींची झोप मोडे. काळजी घेणाऱ्याची झोप ही चैन नव्हे, हे मी या पानावर पूर्वीही लिहिले आहे.

शेवटी आम्ही जुन्या संगणकाकडेच वळलो. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तो उघडला: वीजपुरवठ्याची पेटी जळालेली, आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली, हार्ड डिस्कही गेलेली. पहिल्या दोन्ही नव्या बसल्या, जुन्या बनावटीची एक डिस्क त्याने शोधून आणली. मामांनी विंडोज एक्सपीची मूळ सीडी बिलासकट फाइलला लावून ठेवली होती. सरकारी खात्यातली सवय. एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून हा संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, हे आधीच ठरवले.

क्रम असा: आधी मूळ खेळ, मग पुरवणी, मग पॅच. पॅच म्हणजे ठिगळ. गोधडीला लावतात तसे, प्रोग्रॅममधल्या भोकाला लावलेले. चौथ्या रविवारी आम्ही ठिगळ न लावताच सुरुवात केली, कारण खेळ त्याशिवायही चालत होता. मामा समाधानी दिसले. मग त्यांनी खणातून एक सीडी काढली. तिच्यावर शाईने, पोराच्या अक्षरात लिहिलेले: 'आजोबा आणि मी'. नातू अकरा वर्षांचा असताना दोन संगणक तारेने जोडून दोघे एका बाजूने खेळत, त्या डावांच्या नोंदी तिच्यात होत्या. आमचा खेळ त्या उघडेना.

याचे कारण मला कळले तेव्हा मी बराच वेळ त्याचा विचार करीत राहिले. ही नोंद चलच्चित्र नसते. कोणत्या क्षणी कोणी कोणता हुकूम दिला, एवढीच यादी त्यात असते. ती यादी घेऊन खेळ सगळा डाव पुन्हा नव्याने खेळून दाखवतो. नियमांत तसूभर फरक असला तर एक शिपाई उशिरा तयार होतो, पुढची लढाई वेगळी होते आणि सगळेच भरकटते. म्हणून आवृत्ती हुबेहूब तीच लागते. नातवाने त्या काळी १.०सी हा शेवटचा अधिकृत पॅच लावलेला होता. तो कुठे मिळाला म्हणता? मामांच्याच कपाटात, एका संगणक-मासिकासोबत आलेल्या सीडीवर. आकार एखाद्या डिजिटल एक्स-रेपेक्षाही लहान.

पाचव्या रविवारी नोंद उघडली. मामा बोटाने दाखवू लागले. "इथे माझं लाकूड संपलेलं. आता बघ, हा पाठवेल." काही क्षणांनी खरोखरच बाजारातून लाकूड आले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात तसेच घेऊन उभ्या होत्या.

काही व्यावहारिक गोष्टी. दुहेरी भिंगाच्या चष्म्याने पडदा पाहताना मान मागे टाकावी लागते आणि संध्याकाळी ती दुखते. आम्ही मॉनिटर टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणला. जुना चौकोनी मॉनिटर मुद्दाम ठेवला, कारण लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर चित्र आडवे ताणले जाते. "यांचं वजन केव्हा वाढलं?" असे मामांनी गावकऱ्यांकडे पाहून मला विचारले होते, आणि तो माझ्या पेशाला मारलेला टोमणा असावा. दर अर्ध्या तासाने उठून अंगणात फेरी, पायाला सूज येऊ नये म्हणून. सुरू करण्याच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहिल्या. सांगितल्या मी, लिहिल्या मामांनी, कारण स्वतःचे अक्षर परके वाटत नाही. सगळ्या डिस्कची एक नक्कल माझ्याकडे आहे, दुसरी जर्मनीला गेली.

रात्रीचे फिरणे पूर्ण थांबलेले नाही, पण कमी झाले आहे. वहिनी आठवड्यातून चार-पाच रात्री सलग झोपतात. मामा सध्या जोन ऑफ आर्कच्या पाचव्या मोहिमेत, पॅरिसच्या वेढ्यापाशी अडकले आहेत, आणि त्याबाबत माझा सल्ला त्यांना नको आहे.