उत्तनचा रस्ता आणि माझी जुनी-नवी सायकल

भाईंदर म्हटलं की बाहेरच्यांना आठवते ती चर्चगेटहून सुटणारी संध्याकाळची लोकल आणि तिच्यातली गर्दी. पाहुणे येतात, स्टेशनपासून आमच्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता बघतात आणि "कसे बाई राहता इथं?" असं विचारून जातात. त्यांना मी दर वेळी सांगते, एकदा पश्चिमेला स्टेशनकडं पाठ करून उत्तनच्या रस्त्याला लागा. मुर्धा, राई, मोर्वा अशी एकेक गावं येतात. इमारती मागं पडतात, मिठागरं नि तिवरं दिसू लागतात, मग डोंगरी, आणि शेवटी उत्तनचा समुद्र. आठ-नऊ किलोमीटरांत माणूस दुसऱ्याच मुलखात जातो.

हा रस्ता मी वर्षानुवर्षं बसच्या खिडकीतून पाहिला. रविवारी सकाळी त्या खिडकीशेजारून सायकलवाले सपासप पुढं जायचे. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकडं हँडल. एकदा त्यांच्यात माझ्याच वयाची एक बाई दिसली. बस वळणावर अडकली होती नि ती मात्र पार पुढं निघून गेली. त्या दिवशी घरी आले, कुकर लावला आणि ह्यांना म्हटलं, "अहो, मला सायकल घ्यायचीय."

"अगं, मग घे की लेडीजची, पुढं टोपलीवाली. भाजीही येईल."

"टोपलीवाली नको. उत्तनला जायची."

सासूबाई आतून म्हणाल्या, "पडलीस-बिडलीस तर पोळ्या कोण करणार?" त्यांचं बोलणं थट्टेचं, पण भीती खरी होती, आणि ती मलाही होती. माहेरी शाळेला मी सायकलनंच जायची. पण लग्नानंतर पंधरा वर्षांत पायडलला पाय लागला नव्हता.

भिशीचे अठरा हजार हाती आले होते. ते ह्यांच्या पगारातले नव्हते, माझ्या अर्धवेळच्या शिकवण्यातून हप्ते भरलेले होते. म्हणून तर एक रुपयासुद्धा फुकट घालवायचा नव्हता.

पहिल्याच दुकानात विचारलं, "मुलासाठी का?" मी माझ्यासाठी म्हटल्यावर त्यानं समोर असलेली पहिली सायकल पुढं केली. दांडीवर पाय टाकून उभी राहिले तर टाचा जमिनीला टेकेनात! तेव्हा कळलं की या सायकलीला चपलेसारखं माप असतं. मैत्रिणींनो, हे माप घरीच काढा. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, एक जाड वही दोन पायांत वरपर्यंत घट्ट धरायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजायचं. माझं आलं बहात्तर सेंटिमीटर. त्याला ०.६७ नं गुणलं की अठ्ठेचाळीस, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आसपासची फ्रेम. मापाबाहेरची सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते, कारण पाठ नि मान आपली दुखते.

नव्या सायकली पाहिल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सायकलींवरचा जी.एस.टी. बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. तरी मला पसंत पडलेली एकोणतीस हजारांना होती. त्याहून स्वस्त होत्या, पण त्यांचे ब्रेक दाबायला माझी बोटं पुरेनात. वाकड्या हँडलच्या सायकलीचे ब्रेक पुढच्या बाजूला असतात. बायकांचा पंजा लहान, म्हणून तेही दाबून बघायचं. गिअरच्या सामानाच्या पायऱ्या असतात. शिमानो कंपनीचंच घ्या. सगळ्यांत खाली टूर्नी, तिच्यावर क्लॅरिस, मग सोरा. आपल्यासारखीला टूर्नी किंवा क्लॅरिस पुष्कळ झाली. नावापेक्षा दाते मोजा. पुढचं लहान चक्र चौतीस दात्यांचं किंवा त्याहून लहान, आणि मागचं मोठं अठ्ठावीस किंवा बत्तीस दात्यांचं असलं, तर डोंगरीचा चढ उतरून ढकलत चढावा लागत नाही.

मग जुनीकडं वळले. मोबाईलवरच्या जाहिरातीतून एका गृहस्थाची सायकल पाहिली. चकचकीत रंग, किंमत चौदा हजार. पैसे पर्समध्ये घेऊनच गेले होते. पण आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना सोबत नेलं होतं, ही देवाची कृपा. काकांनी हँडलखाली, जिथं दोन नळ्या जुळतात, तिथं एक नवा स्टिकर पाहिला. नखानं तो उचलला. खाली केसाएवढी चीर!

"ताई, ही ॲल्युमिनिअमची आहे. लोखंडी असती तर झाळ मारून चालवता आली असती. हिला तसं करून भागत नाही," ते परत येताना म्हणाले. "उतारावर ही तुटली, तर हँडल तुमच्या हातात नि तुम्ही रस्त्यावर."

त्या रात्री झोप लागली नाही. चौदा हजार वाचले याचा आनंद नव्हता. सासूबाई थट्टेत बोलल्या होत्या ते किती जवळून गेलं, हेच डोळ्यांपुढं येत होतं. आठवडाभर सायकलचं नाव काढलं नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एक आंबा नासका निघाला म्हणून पेटी घ्यायची सोडतो का आपण?"

दुसरी सायकल पाहिली ती काकांनी शिकवल्याप्रमाणं, माझी मीच. ते सांगते.

आमची हवा खारी. मिठागरांच्या गावात लोखंड टिकत नाही. म्हणून आधी सीटचा दांडा वरखाली होतो का ते बघायचं. गंजून फ्रेममध्ये बसला असेल तर तो निघता निघत नाही. मग शाळेतली बारा इंची पट्टी काढायची. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच. एक अष्टमांश इंच जास्त भरली, तर चेन गेली आणि बहुधा मागची चक्रंही. चाक उचलून फिरवायचं. ब्रेकजवळ ते डावी-उजवीकडं डुलत असेल तर रिम आउट आहे. थोडं असेल तर आउट काढून मिळतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवायची, हँडलपाशी खटखट नको. पायडलचे दांडे धरून बाजूला हलवायचे, तिथंही खेळ नको. आणि मूळ बिल मागायचं. फ्रेमचा नंबर बहुतेक पायडलच्या मधल्या डब्याखाली कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवायचा. चोरीची सायकल स्वस्त मिळते, पण झोप घालवते.

ही सायकल एका कॉलेजच्या मुलीची होती. ती नोकरीसाठी परगावी चालली होती. सोळा सांगितले, साडेतेरावर ठरलं. काकांकडं नवी चेन, ब्रेकचे रबर, दोन टायर नि ओव्हरहॉल मिळून तीन हजार आठशे लागले. टायर मुद्दाम थोडे रुंद, बत्तीसचे घातले. फ्रेममध्ये तेवढी जागा होती आणि आमच्या रस्त्यावरचे खड्डे सर्वांना ठाऊक आहेत. भिशीतले सातशे उरले. त्यांत एक गोष्ट आवर्जून घेतली, पितळेची छोटी टोपी. या सायकलींच्या बारीक वॉल्व्हला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. ती टोपी लावली की बसतो. नाहीतर हवेवाचून समुद्राकाठी बसा!

मग महिनाभर गल्लीतच गिरक्या. ओढणी कमरेला गाठ मारून, सलवारीच्या पायाशी रबर लावून, डोक्यावर हेल्मेट. आणि एका रविवारी पहाटे साडेपाचला निघाले.

मोर्व्याच्या पुढं उजाडलं. मिठागरांच्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. बसमधून ऐकू न येणारे पाणपक्ष्यांचे आवाज ऐकू आले. डोंगरीच्या चढावर धाप लागली, सर्वांत हलक्या गिअरवर मुंगीसारखी चढले, पण उतरले नाही. पुढच्या उतारावर मात्र दोन्ही ब्रेकांवर बोटं होती. त्या चिरेची आठवण तिथं झाल्याशिवाय राहिली नाही.

उत्तनला किनाऱ्याशी बोंबील वाळत घातलेले, होड्यांच्या काठ्यांवर रंगीत निशाणं, चर्चची घंटा आणि कोळणींची लगबग. तिथून चौकला गेले. धारावीच्या किल्ल्याचे अवशेष इथलेच. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत या जागेला फार महत्त्व होतं. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ती वसई खाडीपलीकडं दिसते. शाळेत हा धडा मी मुलांना कितीदा शिकवला. पण त्या जागी स्वतःच्या पायांनी येऊन उभी राहिले, तेव्हाच तो मला नीट कळला.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीतच सायकलवरून जगाला वळसा घालून आली. तिच्यापुढं माझे हे अठरा-वीस किलोमीटर म्हणजे अंगणातली फेरी. पण अंगणही ओलांडावं लागतंच की!

परत येताना अर्धा किलो सुके बोंबील घेतले. सायकलला ना टोपली ना कॅरिअर. पिशवी पाठीला बांधून आणली. दारातच सासूबाईंनी आधी माझे गुडघे पाहिले, मग पिशवी.

"पडली नाहीस ना?"

"नाही, आई."

"मग पुढच्या रविवारी जवळाही आण," त्या म्हणाल्या आणि पोळ्यांची कणीक त्यांनीच मळायला घेतली.