गाड्यावर नाव

‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण आम्ही बाळपणापासून ऐकत आलो आहो. दैवाचा फेरा केव्हा उलटेल याचा नेम नाही, एवढाच तिचा अर्थ आम्हांस शिकविण्यात आला होता. पुढे अमेरिकेत मेरिलंड राज्यात बिऱ्हाड थाटल्यावर एका वसंत ऋतूत या म्हणीचा पूर्वार्ध अक्षरशः आमच्या दारात येऊन उभा राहिला. सुमारे बावीस फूट लांबीची, शिडाची, वापरलेली होडी. आणि तिच्याखाली, मोटारीमागे जोडून नेण्याचा लोखंडी गाडा.

तसे पाहू गेले, तर पांढरपेशा मराठी माणसाचा नौकेशी संबंध लग्नसमारंभातील भाषणापुरताच असतो. संसाराची नौका, तिचे सुकाणू, मध्येच येणारे वादळ आणि शेवटी गाठावयाचा पैलतीर हे सारे आम्हांस मुखोद्गत. मात्र खरे सुकाणू कसे धरतात, याची आमच्या तळहातास यत्किंचितही ओळख नसते. शीड, डोलकाठी, नाळ, तांडेल हे शब्द ज्यांनी घाम गाळून भाषेत आणले, ते कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी. आम्ही ते शब्द त्यांच्याकडून उसने घेतले आणि व्याजादाखल साधा आदरही दिला नाही. तेव्हा उतारवयात होडी घेण्याचा आमचा संकल्प ऐकून स्नेहीमंडळी हसली, यात नवल नव्हते.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘ही जाते कुठवर?’ आम्हीही त्याच प्रश्नाने भारलेले होतो. एका बंदरात सत्तावीस फुटांची एक देखणी नौका विकाऊ होती. आत चौघांची निजण्याची सोय, लहानशी चूल, पितळी दिवा. आणि किंमत आमच्या आवाक्यातली. आम्ही तो दिवा लावून पाहण्यात दंग असता सौभाग्यवतींनी विक्रेत्याकडे न पाहता आम्हांलाच विचारले, “अहो, पण वारा फिरला तर ही परत कशी येते?”

या प्रश्नाने आमच्या पाहण्याची दिशाच बदलली. त्या नौकेचा कणा तळाशी पक्का जोडलेला होता. तिला साडेचार फूट पाणी लागे, वर्षभर बंदरात जागेचे भाडे लागे आणि ती पाण्याबाहेर काढावयाची तर यारी लागे. याउलट आमच्याजवळची चेसापीकची खाडी म्हणजे सुमारे दोनशे मैल लांबीचे, पण आश्चर्य वाटावे इतके उथळ पाणी. तिची सरासरी खोली अवघी एकवीस फुटांच्या आसपास. दोन्ही काठांना तिचे असंख्य फाटे जमिनीत शिरलेले, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या तोंडाशी पाणी कमरेएवढेच. वादळात आसरा द्यावयाचा तो या फाट्यांनीच. तेथल्या कालवे काढणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ‘स्किपजॅक’ नावाच्या त्यांच्या शिडाच्या होड्या रुंद व उथळ तळाच्या असत आणि तळातील फळी वर ओढून घेता येई. मेरिलंडने १९८५ साली याच होडीला राज्याच्या नौकेचा मान दिला.

या धोरणाने शोध करता करता ‘कॅटलिना २२’ जातीची एक होडी मिळाली. ही जात १९६९ साली बाजारात आली आणि पुढे तिच्या हजारो होड्या पाण्यात उतरल्या. हिच्या पोटाखाली सुमारे ५५० पौंड वजनाचे ओतीव लोखंडाचे पाते एका खिळीवर टांगलेले असते आणि ते आतून हातरहाटाने वरखाली करता येते. पाते सोडले म्हणजे होडीला पाच फूट पाणी हवे. उचलले म्हणजे दोन फुटांत भागते. रुंदी पावणेआठ फुटांच्या आत असल्याने रस्त्यावरून नेण्यास आडकाठी नाही.

जुनी होडी पारखण्याची विद्या मडके पारखण्याच्या विद्येहून फारशी निराळी नाही. काचतंतू व राळ यांच्या दोन थरांमध्ये डेकच्या पोटात लाकडाचा गाभा असतो. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की गाभा आतल्या आत कुजतो. वरचा रंग मात्र नववधूसारखा टवटवीत राहतो. म्हणून बोटांच्या पेरांनी सारा डेक वाजवीत जावे. टणक नाद आला तर पुढे सरावे, बद्द आला तर थांबावे. त्यानंतर पाते ज्या खिळीवर फिरते ती खिळी, ते उचलणारी तार, डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणारे तारांचे ताण आणि ते जेथे होडीत रुतलेले असतात ती जागा, ही सारी डोळ्यांत तेल घालून पाहावी. सर्वांत शेवटी, पण तितक्याच कसोशीने, गाडा पाहावा. गाड्याचे टायर धावून झिजत नाहीत. उन्हात वर्षानुवर्षे उभे राहून तडकतात. चाकांची बेअरिंगे पाण्यात बुडून गंजतात. होडी उत्तम आणि गाडा कुचकामी, तर म्हणीचा पूर्वार्धच रद्द झाला!

विकणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. डोलकाठी उभी करण्याचे बळ आता खांद्यांत उरले नाही, एवढेच कारण त्यांनी सांगितले. किंमत तीन हजार डॉलरांवर ठरली. मात्र पैसे घेण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडून डोलकाठी तीनदा उभी करवून घेतली, आणि तिन्ही वेळा आधी मान वर करून आकाश पाहावयास लावले. पंचवीस फुटांची अ‍ॅल्युमिनियमची काठी विजेच्या तारेला टेकली तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. होडी दृष्टीआड होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे होते.

पहिला उन्हाळा डीप क्रीक सरोवरावर गेला. १९२५ साली विजेसाठी धरण बांधल्याने डोंगरांत साचलेले हे पाणी. तेथे वारा दऱ्यांतून झुळकांनी येतो आणि क्षणात दिशा बदलतो. त्यामुळे नवशिक्याला दुसरी तालीम नको. दुसऱ्या वर्षी आम्ही खाडीवर आलो.

जुलैतली एक दुपार. सोबत आमची दहा वर्षांची कन्या आणि ऐंशीच्या घरातले तीर्थरूप. मूळचे हर्णैचे असल्याने ते शिडाकडे कमी आणि आभाळाकडे अधिक पाहत होते. मुक्कामाचे गाव समोर दिसत होते; फार तर तासाची वाट. तोच ते म्हणाले, “अरे, पश्चिमेकडे बघ. मागे फीर.” क्षितिजावर शाईसारखी एक रेघ होती, त्याहून अधिक काही नाही. नभोवाणीवरही वादळाची सूचना येऊ लागली होती. कन्येचा चेहरा पडला. आम्ही शीड उतरविले, लहानसे यंत्र सुरू केले, आणि एका फाट्याच्या तोंडाशी येताच पाते उचलून आत शिरलो. नांगर धरल्यावर सर्वांना तरंगती जाकिटे घालून, लोखंडाला हात न लावता, खाली बसविले. पुढचा पाऊण तास खाडी दिसलीच नाही. पाऊस आडवा येत होता, विजा पाण्यावर उतरत होत्या, आणि कन्या आजोबांच्या मांडीवर तोंड लपवून बसली होती. तिची मूठ आमच्या सदऱ्याला इतकी घट्ट आवळलेली होती, की बाहेरच्या त्या एका तासाच्या वाटेची किंमत आम्हांस कोणी निराळी सांगण्याची गरज उरली नाही.

पाऊस ओसरल्यावर तिने विचारले, “आजोबा, तुम्ही घाबरला होता का?” ते म्हणाले, “आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हा लोटतात. कोळी भित्रा असतो म्हणून का घरी बसतो? तो दर्याला ओळखतो, म्हणून बसतो.” महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्याचा सरकारी नियम आहे, पण त्यामागचे शहाणपण नियमाहून पुष्कळ जुने आहे.

आम्हां मध्यमवर्गीयांच्या घरी मुलांना पुढे जाण्याचे शिक्षण भरपूर मिळते : परीक्षेत पुढे, नोकरीत पुढे, परदेशी पुढे. माघार हा शब्द मात्र पराभवाच्या खात्यात मांडलेला असतो. या जुन्या होडीने आमच्या घरातील तो हिशेब थोडा दुरुस्त केला आहे. हल्ली निघण्यापूर्वी कन्या नकाशा पसरते आणि वाटेतल्या उथळ फाट्यांवर पेन्सिलीने खुणा करते. जावयाचे गाव ती त्यानंतर ठरवते.