तिसऱ्या पानाची वाट

मृगाचा पाऊस मुरला की नागपूरकडच्या वावरांत धुऱ्याधुऱ्यानं कोहळ्याची आळी होतात. शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन बिया टोचायच्या. आठवडाभरात दोन जाड दळं वर येतात आणि पाठोपाठ पहिलं खरखरीत पान. हे पहिलं पान पुष्कळदा वाकडं निघतं. कधी एक बाजू आखूड, कधी कडा आत वळलेल्या, कधी मधूनच चुणलेलं. ते पाहिलं की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. माझ्या हिंगण्याकडच्या वाडीत अशी रोपं दर हंगामात निघतात. अशा वेळी मी आधी त्या पानाचं वय बघते.

पान उघडतं तेव्हा त्याची घडण होऊन गेलेली असते. दळं मिटलेली असतानाच पहिलं पान त्यांच्या मध्ये आकार घेऊ लागतं. त्या दिवसांत त्याला जे सोसावं लागलं, ते आज आपल्याला दिसतं. उघडलेलं वाकडं पान कोणत्याही फवाऱ्यानं सरळ होत नाही. रोप आज कसं आहे, हे मागून येणारी पानं सांगतात.

पहिली तपासणी दळांची. कोहळ्याची बी चपटी. ती आडवी, इंचभर खोल पडली की मूळ आणि खोडाच्या सांध्यावर खालच्या अंगाला बारीक खुंटा फुटतो. तो टरफल दाबून धरतो, वाकलेलं खोड ताठ होतं आणि दळं टरफलातून ओढून निघतात. चार्ल्स डार्विननं १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या खुंट्याचं वर्णन आहे. १९९८ साली अंतराळयानात काकडीची बी रुजवली, तेव्हा गुरुत्वाचा ओढा नसल्यानं खुंटे दोन्ही अंगांना आले. आपल्या वावरात बी फार वर राहिली किंवा वरची माती सुकली की ही पकड सुटते आणि टरफल दळांच्या टोकाला अडकून बसतं. आतलं पान दबून चुणतं. संध्याकाळी टरफल ओलं करावं, मऊ झालं की हलक्या हातानं काढावं. सुकं टरफल ओढलं तर दळच फाटतं.

उन्हाळी कोहळ्याची गोष्ट वेगळी. त्याची पेरणी जानेवारीत सुरू होते आणि नागपूरची थंडी तेव्हा सरलेली नसते. २०१८च्या डिसेंबरअखेर इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. कोहळ्याला रुजायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. गारठ्यात निघालेलं पहिलं पान खुरटं, वेडंवाकडं असतं. ऊन चढलं की पुढची पानं आपोआप नीट येतात.

आमची माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, काळी, चुन्यानं भरलेली. म्हणून वळलेल्या कडा पाहून लगेच कॅल्शियमची बाटली आणण्यात अर्थ नाही. या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि असलेला चुनाही वर चढत नाही. तिथे बाटलीपेक्षा चर काढून पाण्याला वाट देणं कामाचं.

पानाला भोकं असतील तर चोर बहुधा तांबडा भुंगा. त्याला कोवळी दळं फार आवडतात आणि याच वयात तो रोप मारू शकतो. सकाळी गारव्यानं तो सुस्त असतो, तेव्हा वेचून मारावा. दवानं ओल्या पानांवर चाळलेली राख टाकण्याची जुनी रीतही चांगली.

वाडीतली बरीच रोपं एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडली, पानं अरुंद झाली, शिरा समांतर धावू लागल्या, तर तणनाशकाचा संशय घ्यावा. टू-फोर-डीचा वारा लागला की कपाशीचं पान कसं बोटांसारखं चिरतं, हे आपल्याकडच्या कापूसवाल्यांनी पाहिलेलं आहे. कोहळंही त्याला हळवं. वाऱ्यानं आलं नसेल तर ते पंपातल्या उरल्यासुरल्या थेंबांतून येतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

आता उरला विषाणू. पहिल्यापेक्षा दुसरं, दुसऱ्यापेक्षा तिसरं पान अधिक आकसलेलं, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचं निघालं, तर पानाच्या पाठीवर पांढरी माशी आणि मावा शोधावा. अशा रोपाला औषध नाही. उपटून वाडीबाहेर न्यावं, म्हणजे शेजारची वाचतात.

एवढं सगळं मी एका वाकड्या पानापायी सांगते आहे, कारण घाईची फवारणी आपल्या भागाला फार महाग पडली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते कपाशीच्या वावरातलं दुःख होतं, पण पंप तोच, पाठ तीच. जिथे औषधानं काहीच साधणार नाही, तिथे तरी ते अंगावर घेऊ नका.

भुंगा वेचणं आणि रोगट रोप उपटणं, ही दोन कामं दिसताक्षणी करा. बाकी प्रत्येक वाकड्या पानासाठी तिसरं पान उघडेपर्यंत थांबा, आणि ते सरळ निघालं तर त्या रोपाला फक्त पाणी द्या.