सरडगुहिऱ्याचा सूर्य

सरडगुहिऱ्याचें नांव निघालें कीं आमच्या वर्गांतील मुलांस एकच गोष्ट आठवते, ती त्याचें रंग पालटणें. चंचल माणसास सरड्याची उपमा देण्याची चाल आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ह्या प्राण्याच्या अंगीं दुसरा कांहीं विशेष असेल, अशी शंकाही कोणास येत नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों तो विषय रंगाचा नव्हे, उन्हाचा आहे. आणि तोही अशा ठिकाणचा, जेथें ऊन विकत घ्यावें लागतें.

इंग्लंडांतील लेस्टर शहरीं आमची धाकटी बहीण राहते. सन २०२२ च्या नाताळांत आम्ही तिच्याकडे गेलों होतों. आमच्या भाच्यानें वाढदिवसाच्या पैशांतून सरडगुहिऱ्याचें एक पिल्लू विकत आणलें होतें. तें आपल्याकडच्या जातीचें नव्हे. येमेन आणि सौदी अरबस्तानचा नैर्ऋत्य भाग हें त्या जातीचें मूळस्थान. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, आणि डोळे दोन दिशांस फिरणारे. पिंजऱ्यांत जन्मलेलीं अशीं पिल्लें बाळगण्यास त्या देशांत कायद्याची आडकाठी नाहीं.

पहिल्याच संध्याकाळीं भाचा आम्हांस म्हणाला, "मामा, हा फांदीवरून घसरतो." सरडगुहिऱ्याचा पंजा म्हणजे चिमटाच, फांदी सोडणें हें त्याच्या स्वभावांत नाहीं. आम्हीं जवळ जाऊन पाहिलें, तों पुढचा डावा पाय कोपराखालीं धनुष्यासारखा वांकलेला दिसला. दुसऱ्या दिवशीं त्यास प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढून दाखविलें, त्यांत हाडें धुरकट रेघांसारखीं दिसत होतीं. आपल्याकडे ज्यास मुडदूस म्हणतात, तेंच हें दुखणें. डॉक्टरांनीं चुन्याचें औषध दिलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, दिव्यांची व्यवस्था सुधारली नाहीं तर औषध पोटांत जाऊन फुकट जाईल, आणि हा प्राणी उन्हाळा पाहणार नाहीं. भाच्याचा चेहरा त्या वेळीं कसा झाला, हें लिहीत बसत नाहीं.

ज्या दुकानांतून प्राणी घेतला, तेथें एकच झगझगीत दिवा दिला होता, व ऊब आणि उजेड दोन्ही ह्याच्यांतच आहेत असें सांगितलें होतें. तें खोटें नव्हतें. पण अपुरें होतें. "आणि पेटी खिडकीपाशींच आहे, ऊन तर येतें," असें बहिणीचें म्हणणें पडलें. आमचा विषय पदार्थविज्ञान; तेव्हां खिडकींतील उन्हाचा प्रश्न सहजच आमच्याकडे आला.

सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत वर चढला. पुढच्याच वर्षीं योहान रिटर ह्यानें दुसऱ्या टोकास, जांभळ्याच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड ठेवलें. तें तेथें सर्वांत लवकर काळें पडलें. म्हणजे आपण ज्यास ऊन म्हणतों, त्यांत तीन वस्तू एकत्र येतात: दिसणारा उजेड, न दिसणारी ऊब, आणि न दिसणारे अतिनील किरण. ह्या अतिनीलांपैकीं २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींस यू.व्ही.बी. म्हणतात. त्या कातडीवर पडल्या म्हणजे तेथील एका स्निग्ध द्रव्याचें रूपांतर होऊं लागतें, आणि शरीराच्या ऊबेनें तें पुरें होऊन ड जीवनसत्त्व बनतें. त्यावांचून खाल्लेला चुना हाडांपर्यंत पोंचत नाहीं. बर्लिन येथें कुर्ट हुल्डशिन्स्की ह्या डॉक्टरानें सन १९१९ मध्यें मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे किरण पाडून त्यांचीं हाडें सुधारलेलीं दाखविलीं. मौज ही कीं, एकाच हातावर किरण पाडले असतां दुसऱ्या हाताचींही हाडें सुधारलीं.

आतां खिडकीची कांच. ती उजेडास वाट देते, पण यू.व्ही.बी. लहरींस जवळजवळ सर्वस्वीं अडविते. शिवाय लेस्टरचा हिंवाळ्यांतील सूर्य इतका खालून जातो कीं, त्या लहरी हवेंतच गळून जातात; म्हणूनच तेथील सरकार माणसांसही त्या दिवसांत ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्याचा सल्ला देतें. हें ऐकून बहीण म्हणाली, "म्हणजे आम्हीही त्या सरड्यासारखेच!" आमच्यासारख्या सांवळ्या कातडीच्या लोकांस तर तो सल्ला बारमाही आहे.

तेव्हां सूर्याचे तुकडे करून आणणें भाग होतें. भाच्यानें वहींत दोन रकाने आंखले, एक ऊबेचा व एक किरणांचा. ऊबेसाठीं शंभर वॅटचा हॅलोजन दिवा लावला, तेव्हां फांदीवर ३६ अंश सेल्सिअस भरले. हात धरून पाहतां तें गोड वाटत होतें. परंतु आपला हात क्षणभर असतो, त्या प्राण्याची पाठ तासन्‌तास तेथें असते. पन्नास वॅटचा दिवा लावतां पारा २८ अंशांवर स्थिरावला. पिल्लास तेवढें पुरे. पूर्ण वाढलेल्यास ३० च्या आसपास चालतें. मापकाची तार फांदीस, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर बांधली. कारण पेटीच्या भिंतीवरचा आंकडा भिंतीचा असतो. दिवा जाळीच्या बाहेर, जरा उंचावर टांगला. हे प्राणी जाळीस उलटे लटकतात, आणि तुरा भाजला तरी वेळेवर मागें सरत नाहींत.

किरणांसाठीं टी-५ जातीची लांब नळी निवडली. लहान वळणदार दिवा स्वस्त होता. पण त्याचे किरण वीतभर जागेंतच पडतात, आणि सरडगुहिऱ्याचें अंग आडवें पसरलेलें. डॉक्टरांनीं अतिनील निर्देशांक मोजण्याचें यंत्र दोन दिवस उसनें दिलें. ह्या जातीस बसण्याच्या जागीं निर्देशांक तीनच्या सुमारास असावा. आपल्याकडे उन्हाळ्यांत भर दुपारीं तो दहाच्या वर जातो, ह्यावरून कल्पना येईल. पेटीवरील बारीक जाळीनेंच एक तृतीयांशाच्या आसपास किरण खाल्ले. फांदी वरखालीं करीत नळीपासून नऊ इंचांवर तीनचा आंकडा सांपडला, आणि भाच्यानें तेथें तांबडा दोरा बांधला. खालीं दाट पानें लावलीं, तेथें यंत्र शून्य दाखवी. ती सावलीही तितकीच महत्त्वाची.

दोन्ही दिवे एकाच फांदीवर रोखले. पेटीच्या एका कोपऱ्यांत ऊब व दुसऱ्या कोपऱ्यांत किरण, अशी वांटणी कांहीं घरीं करतात, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सूर्य अशी वांटणी करीत नाहीं. आणि कातडींतील तें काम ऊबेवांचून पुरें होत नाहीं, हें वर आलेंच आहे.

रात्रीसाठीं तांबडा दिवा लावावा, पिल्लू गारठेल, असा बहिणीचा आग्रह होता. डॉक्टरांनीं तो मोडून काढला. येमेनच्या डोंगरांतही रात्र गार असते. १७ अंशांवर त्यास सुखानें झोंप लागते, मात्र काळोख पुरा हवा. बारा तास दिवस, बारा तास रात्र, असें घड्याळ लावून दिलें.

दिवे लागले, तरी त्यांखालीं किती वेळ बसावें हें त्या पिल्लास कोण सांगणार? कार्स्टन, फर्ग्युसन व त्यांचे सहकारी ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनीं मादागास्करच्या सरडगुहिऱ्यांवर केलेला एक प्रयोग सन २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अन्नांत ड जीवनसत्त्व कमी, ते अतिनील किरणांखालीं आपण होऊन अधिक बसत. ज्यांच्या अन्नांत भरपूर, ते सरून जात. माणसास हा हिशेब यंत्रावांचून येत नाहीं. आमच्या भाच्याचें पिल्लूही पहिला आठवडाभर तांबड्या दोऱ्यापासून हाललें नाहीं. पुढें हळूहळू पानांत जाऊं लागलें. मार्चमध्यें त्याचें पत्र आलें कीं तें आतां घसरत नाहीं, टोळ पकडतांना एका पायावरही लटकतें. वांकलेला पाय मात्र वांकडाच राहिला. वांकलेलें हाड किरणांनीं सरळ होत नाहीं. नळीच्या टोंकास त्यानें तारीख चिकटविली आहे, आणि वर्ष भरतांच ती बदलतो. जुनी नळी तशीच लखलखत असते, म्हणून बहीण हळहळते. पण उजेड टिकला तरी यू.व्ही.बी. आधीं ओसरते. सगळा हिशेब केला तर दिव्यांवर झालेला खर्च प्राण्याच्या किंमतीहून अधिक.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचून कुंपणावरचा सरडगुहिरा, ज्यास कोणी घोयराही म्हणतात, खोक्यांत घालून घरीं आणील, ही भीति आम्हांस आहेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणें त्यास पकडणें व बाळगणें गुन्हा आहे. पाहण्यास मात्र मनाई नाहीं. सकाळीं कोंवळ्या उन्हांत तो दिसला, तर दहा हात दूर उभे राहावें. प्रथम तो काळपट दिसेल, अंग पानासारखें चपटें करील आणि एक कूस नेमकी सूर्याकडे वळवील. थोड्या वेळानें अंगाचा काळेपणा निवळून हिरवा रंग चढूं लागेल. त्यास किती वेळ लागला, तें घड्याळांत पाहून वहींत टिपून ठेवावें, आणि ढगाळ दिवशीं पुन्हां जाऊन पाहावें.