मचाणावरचं गणित

वैशाखातली पौर्णिमा, तानसा अभयारण्यातला पाणवठा, वर मचाण. जनावरं मोजणाऱ्याच्या मांडीवर वही. आठ वाजता भेकर आलं, साडेनऊला रानडुकरांचा कळप, पिलं धरून अकरा. पहाटे पुन्हा अकरा. तीच, की दुसरी? पेन्सिल इथंच अडते.

तरी आकडा हाती आला की पुढचं मांडायचा मोह होतोच. फेर्हुल्स्ट या बेल्जियन गणित्यानं 1838 साली सांगितलं, की जागा भरत जाते तशी वाढ मंदावते. समजा, रानाची धारणक्षमता, म्हणजे रान जास्तीत जास्त पोसू शकेल तितकी जनावरं, शंभर आणि मोकळ्या रानात जनावरं वर्षाला दीडपट होतात. मग दहा असताना वर्षात भर पडते साडेचारांची, पन्नास असताना साडेबारांची, नव्वद झाली की पुन्हा साडेचारांचीच. (अर्धं जनावर कसं असतं, हा प्रश्न रास्त आहे.)

हे गणित चारी बाजूंनी बंद असलेल्या बेटावरही चुकतं. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर 1944 मध्ये 29 रेनडिअर सोडले. 1963 पर्यंत ते सहा हजार झाले, त्यांनी दगडफूल खाऊन फस्त केलं. पुढच्या कडक हिवाळ्यानंतर 1966 मध्ये उरले 42.

मचाणाभोवतीचं शहापूर-मुरबाडचं रान तर बेटही नाही. डुक्कर दिवसा करवंदीच्या जाळीत, रात्री भाताच्या खाचरात. मग भात, नाचणी, वरी रानाच्या क्षमतेत धरायची का? शेतकरी म्हणेल, धरा हो, पण माझ्या खात्यावर नको. उन्हाळ्यात टँकरनं पाणवठा भरला की क्षमता वाढते, ओढा आटला की घटते. शंभर हा आकडा दगडावर कोरलेला नाही. मोजणाऱ्याला तो दर उन्हाळ्यात नव्यानं शोधावा लागतो.

बिबट्या तर हिशेबाची हद्दच मानत नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला विद्या अत्रेय यांच्या चमूनं माग ठेवणारी कॉलर लावली, ‘आजोबा’ नाव दिलं आणि माळशेज घाटात सोडलं. मुरबाडच्या डोक्यावरचं हे रान त्याला पुरेसं असेल, असं कागद म्हणाला असता. आजोबा निघाला. कसाऱ्याकडून रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर चालून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. 104 चौरस किलोमीटरचं ते उद्यान; 2015 च्या कॅमेरा-गणनेत त्या परिसरात किमान 35 बिबटे भरले, आणि त्यांच्या ताटात वस्तीतली भटकी कुत्रीही होती.

मोजणाऱ्यानं आजोबाला कोणत्या रानाच्या रकान्यात लिहायचं? डिसेंबर 2011 मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेत तो मेला.