आई, आमचं घड्याळ पुन्हा फिरणार

तीर्थरूप आईस,


दर वर्षी ऑक्टोबर सरत आला की तू फोनवर विचारतेस, "तुमचं घड्याळ फिरलं का गं?" मी "अजून नाही, येत्या रविवारी" म्हटलं की तू जराशी गप्प होतेस. ते गप्प होणं मला कळतं. उन्हाळ्यात माझे साडेचार वाजतात तेव्हा तुझे आठ झालेले असतात. मी कामावरून सुटून ट्रामच्या थांब्याकडे निघालेली असते आणि तू जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून दारात टेकलेली असतेस. घड्याळ फिरलं की माझ्या त्याच साडेचारला तुझे नऊ होतात. पहाटे साडेचारला उठून गोठ्यात जाणारी तू नऊपर्यंत कशी जागी राहणार? पहिले चार-सहा दिवस जांभया दाबत बोलतेस. मग एका संध्याकाळी फोन वहिनी उचलते आणि हळू आवाजात सांगते, "आत्ताच डोळा लागला त्यांचा." मार्च उजाडेपर्यंत आपलं बोलणं रविवारपुरतं उरतं.

स्टुटगार्टला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. हे असं घड्याळ फिरवतात तरी कशासाठी, असं तू गेल्या वर्षी विचारलं होतंस आणि मी घाईत "पुढच्या वेळी सांगते" म्हणाले होते. ते आज सांगते. हे पत्र मासिकाकडेही पाठवतेय, कारण आता कितीतरी आयांना हाच प्रश्न पडणार आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आपली मुलं-मुली इथं नोकरीला यावीत म्हणून. त्यातल्या बऱ्याच जणी माझ्यासारख्याच शुश्रूषेच्या कामात येतील. त्यांच्या आयाही संध्याकाळी फोनकडे बघत बसतील.

याची सुरुवात लढाईत झाली. १९१६ साली, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, जर्मनीनं ३० एप्रिलला घड्याळं तासभर पुढं केली. संध्याकाळी दिवे उशिरा लागले तर कोळसा वाचेल, हा हिशेब. तीन आठवड्यांत इंग्लंडनंही तेच केलं. तिथं विल्यम विलेट नावाचा एक बांधकाम व्यावसायिक १९०७ पासून हीच गोष्ट सांगत फिरत होता, पण कुणी मनावर घेत नव्हतं. कायदा झाला तेव्हा तो हयात नव्हता. पुढं लढाया संपल्या, घड्याळं कधी जागेवर आली, कधी पुन्हा हलली. जर्मनीत घड्याळ फिरवणं १९८० पासून पुन्हा सुरू झालं. आता मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागं, आणि हे सगळ्या युरोपीय संघात एकाच क्षणी.

कोळशाचा तो हिशेब आता लागू पडत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं २००६ मध्ये ही पद्धत सगळीकडे लागू केली, तेव्हा अभ्यासकांनी घराघरांची विजेची बिलं तपासली. विजेचा वापर घटला नव्हता, उलट सुमारे एक टक्का वाढला होता. दिव्यांवर वाचलं ते पंख्या-वातानुकूलनात आणि सकाळच्या शेगड्यांत गेलं. मूळ कारणच उरलं नाही, तरी रीत चालूच आहे.

आता घड्याळ फिरतं त्या रात्रीबद्दल सांगते, म्हणजे मला एवढं का वाटतं ते तुला कळेल. महिन्यातून एक आठवडा मला रात्रपाळी असते आणि ऑक्टोबरची ती रात्र आजवर सात-आठ वेळा माझ्या वाट्याला आली. आमच्या वृद्धाश्रमाच्या पॅसेजमध्ये एक मोठं पांढरं घड्याळ आहे. ते रेडिओच्या संदेशावर चालतं. फ्रांकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे, तिथल्या मनोऱ्यावरून तो संदेश सुटतो आणि साऱ्या जर्मनीतली अशी घड्याळं त्याच्यावर चालतात. रात्रीचे तीन होतात आणि त्या क्षणी पुन्हा दोन झालेले असतात. आमच्या घड्याळाचे काटे तासभर जागचे हलत नाहीत. रात्रीच्या रेल्वेगाड्याही कुठल्यातरी स्टेशनात तासभर उभ्या राहतात. दोन ते तीन हा तास त्या रात्री दोनदा येतो, म्हणून कायद्यानं त्याला नावंही दोन दिली आहेत, '२ ए' आणि '२ बी'. अडीच वाजता कुणाला औषध दिलं तर नोंदवहीत कुठलं अडीच ते लिहावं लागतं. नाहीतर सकाळची पाळी तेच औषध लवकर देईल किंवा उशिरा. पार्किन्सनच्या माणसाला गोळी तासभर उशिरा मिळाली तर हात-पाय आखडून बसतात, मग त्याला पलंगावरून उतरवणंसुद्धा कठीण.

आमच्या मजल्यावर नव्वदीच्या एक आजी आहेत. जन्मभर गाई राखल्या, आता विसरभोळेपण पार वाढलंय. मुलाचं नाव आठवत नाही, पण पहाट बरोबर कळते. गेल्या ऑक्टोबरात घड्याळात पाच वाजलेले असताना त्या खोलीतून बाहेर आल्या, अंगात कोट, पायात बूट. त्यांच्या अंगाला सहा वाजले होते. मला म्हणाल्या, "दूध काढायला उशीर होतोय." मी हात धरून खुर्चीत बसवलं, कॉफी करून दिली. दर पाच मिनिटांनी त्या खिडकीकडे बघत आणि पुन्हा उठत. हे पुढं दोन आठवडे चाललं. संध्याकाळी तर जास्तच, कारण कालपर्यंत सहाच्या पुढं मावळणारा सूर्य आज पाच वाजताच गेलेला असतो, आणि अंधार पडला की आमच्याकडच्या अशा म्हाताऱ्या मंडळींचा जीव घाबरा होतो. मग कुणी रडतं, कुणी घरी जायचं म्हणून दाराशी उभं राहतं. मार्चमध्ये हेच उलटं होतं. स्वीडनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये देशभरच्या नोंदी तपासून दाखवलं, की मार्चमध्ये घड्याळ पुढं केल्यावर पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराचे झटके वाढतात.

तू एकदा म्हणाली होतीस, धार काढायची वेळ चुकली की म्हैस पान्हा चोरते, मग माणसाचं काय होत असेल. आई, नेमकं तेच आहे. अंगातल्या या घड्याळाचं काम पेशींमध्ये कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ रोज सकाळच्या उजेडानं जुळतं. सरकारी हुकमानं ते जुळत नाही. इथले दूधवाले शेतकरी आठवडाभर आधीपासून धारेची वेळ रोज थोडी थोडी सरकवतात, म्हणजे गाईंना त्रास होऊ नये. माणसाला मात्र एका रात्रीत सरकवतात.

म्हणून माझं म्हणणं, हे थांबवा. आणि ते माझं एकटीचं नाही. २०१८ मध्ये युरोपीय आयोगानं लोकांना विचारलं तेव्हा ४६ लाख उत्तरं आली. त्यातली सुमारे ३० लाख एकट्या जर्मनीतून आली होती. ८४ टक्के लोक म्हणाले, बंद करा. २६ मार्च २०१९ ला युरोपीय संसदेनं ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठराव केला, की २०२१ पासून घड्याळ फिरवायचं नाही. त्या दिवशी मी तुला फोनवर सांगितलं होतं, आठवतंय? "आई, आता दोनच वर्षं." तू देवापुढं साखर ठेवली होतीस. २०२१ आलं आणि गेलं. संघातल्या देशांच्या सरकारांनी मिळून जो निर्णय घ्यायचा होता तो घेतलाच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी विषय पुन्हा काढला, तेव्हा कुठं त्यावरची धूळ जरा झटकली गेली.

घोडं कुठं अडलंय, तर घड्याळ थांबवायचं कुठल्या वेळेवर, यावर. उन्हाळ्याच्या की हिवाळ्याच्या? शिवाय प्रत्येक देशानं आपापलं ठरवलं तर शेजारच्या देशात जाताना दर वेळी घड्याळ बघावं लागेल. स्टुटगार्टहून फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग रेल्वेनं दीड तासावर आहे, रोज ये-जा करणारे लोक आहेत. ही अडचण खरी आहे, पण एकत्र बसून सुटण्यासारखी आहे.

लोकांना विचारलं तर बरेच जण म्हणतात, उन्हाळ्याचीच वेळ बारा महिने ठेवा. मला त्यांचं मन कळतं. जूनमध्ये इथं रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. नेकार नदीच्या काठी लोक मुलंबाळं घेऊन बसलेले असतात, मीही बसते. वर्षाचे सहा महिने ढगाखाली काढलेल्या माणसाला त्या संध्याकाळी फार जवळच्या वाटतात. पण तीच वेळ डिसेंबरात ठेवली तर स्टुटगार्टला सूर्य सव्वानऊला उगवेल. इथल्या शाळा आठच्या आतबाहेर भरतात. म्हणजे पहिलीतली पोरं काळोखात शाळेत जाणार आणि दुसरा तास सुरू झाला तरी सूर्य उगवलेला नसणार. स्पेनच्या पश्चिम टोकाला व्हिगो शहरात तर दहानंतर उजाडेल.

हे करून पाहिलेलं नाही असंही नाही. ब्रिटननं १९६८ ते १९७१ बारा महिने पुढची वेळ ठेवली. उत्तरेला स्कॉटलंडमध्ये लोक सकाळच्या काळोखाला कंटाळले आणि १९७० च्या डिसेंबरात संसदेनं ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो प्रयोग गुंडाळला. अमेरिकेनं तेलटंचाईत, १९७४ च्या जानेवारीत तेच केलं. फ्लोरिडात अंधारात शाळेला निघालेली मुलं गाड्यांखाली सापडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात घड्याळं मागं आली. रशियानं २०११ मध्ये उन्हाळ्याची वेळ कायम केली आणि २०१४ मध्ये ती सोडून हिवाळ्याची कायम केली. तीन मोठ्या देशांनी अनुभवानं शिकलेली गोष्ट आहे ही. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनंही २०२० मध्ये हेच सांगितलं, की घड्याळ फिरवणं थांबवा आणि हिवाळ्याची, म्हणजे मूळची प्रमाणवेळ ठेवा.

मलाही तेच पटतं. आता तू म्हणशील, अगं, मग तर आपल्यात बारा महिने साडेचार तासांचं अंतर पडेल. हो, पडेल. उन्हाळ्याची वेळ कायम झाली तर आपल्या दोघींचं भलं आहे, साडेतीन तासांचं अंतर आणि रोज आठचा फोन. मी यावर पुष्कळ विचार केला. पण त्या कोट घालून उभ्या राहिलेल्या आजींना आणि काळोखात दप्तर घेऊन निघणाऱ्या लेकरांना विसरून आपल्या फोनसाठी मत देणं मला जमणार नाही. आणि तू मला तसं देऊही देणार नाहीस.

आपल्याकडची वेळही काही सूर्याशी तंतोतंत जुळलेली नाही. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलंय, म्हणून आपल्या कराडला सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजून जातात. १९०६ मध्ये ही वेळ आली तेव्हा मुंबई केवढी बिथरली होती! मुंबईची वेळ तिच्याहून ३९ मिनिटं मागं होती. ३९ मिनिटं आधी, काळोखात पाळीवर या म्हटल्यावर गिरणी कामगारांनी विरोध केला. आपल्या साताऱ्याकडची किती माणसं त्या गिरण्यांत राबली. मुंबई महापालिकेनं तर पुढं कित्येक दशकं जुनी वेळ सोडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, इंग्रज सरकारनं आपलंही घड्याळ तासभर पुढं ढकललं होतं. लढाई संपली तसं ते जागेवर आणलं. तुझ्या ओट्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ सेल बदलण्यापलीकडे तुला कधी खाली काढावं लागलं नाही. युरोपीय संघातल्या ४५ कोटी माणसांनाही तेवढंच मिळायला हवं.

माझ्याकडे जर्मनीचं नागरिकत्व आहे, मत आहे. या आठवड्यात मी आमच्या भागाच्या युरोपीय संसद सदस्यांना पत्र लिहिलंय, जर्मनमध्ये, त्या रात्रीची सगळी हकीकत घालून. इथं राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे, तुम्हीही लिहा. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहा. २०१९ चा ठराव रद्द झालेला नाही, तो फक्त पडून आहे.

आणि तुझ्यासाठी एक. मी आमच्या प्रमुख बाईंशी बोलले. दुपारची पंधरा मिनिटांची सुट्टी त्यांनी मला हिवाळाभर साडेतीनला दिली आहे. ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतर, दिवसपाळी असेल त्या दिवशी, मी साडेतीनला फोन करीन. तुझे तेव्हा आठच वाजलेले असतील.

तुझी,
धाकटी