ड्रॅक्युला नावाचा बाप

मार्व्हलची 'द टूम ऑफ ड्रॅक्युला' ही कॉमिक्स मालिका मी पहिल्यांदा वाचली ती चित्रांसाठी. शाईकाम हा माझा धंदा, आणि तिचा चित्रकार जीन कोलन याच्या पेन्सिलीवर शाई चढवणं म्हणजे धुराला कड काढणं. त्याच्या चित्रात रेघ कमी, सावली जास्त. शाईकार टॉम पामरनं बारीक रेघांची जाळी आणि ठिपक्यांची चिकटपत्रं वापरून तो धूर छापखान्यापर्यंत शाबूत नेला. हे कसं साधलं, तेवढंच मी तेव्हा पाहत होतो.

या वर्षी मालिकेचा उत्तरार्ध सलग वाचला, आणि लक्ष गोष्टीवर गेलं.

१९७१ साली अमेरिकी कॉमिक्सची आचारसंहिता सैल झाली, पिशाचांवरची बंदी उठली आणि १९७२मध्ये ही मालिका सुरू झाली. १९७९पर्यंत ७० अंक निघाले. सगळे कोलननं काढलेले. सातव्या अंकापासून लेखन मार्व वुल्फमनचं. पूर्वार्धात शिकार आणि पाठलाग आहे. पिशाचांचा शिकारी ब्लेड पहिल्यांदा दिसतो तो इथेच, दहाव्या अंकात. मजा येते, पण ते ओळखीचं भय आहे.

बॉस्टनमध्ये कथा गेल्यावर सूर बदलतो. सैतानाच्या उपासकांचा एक पंथ ड्रॅक्युलालाच सैतान मानतो आणि डॉमिनी नावाच्या तरुणीशी त्याचं लग्न लावतो. ती त्याच्यावर खरंच माया करते. चोपन्नाव्या अंकात, नाताळात, त्यांना मुलगा होतो: जेनस. एकोणसाठाव्या अंकात पंथाचा म्होरक्या ल्युपेस्की ड्रॅक्युलावर नेम धरतो आणि गोळी बाळाला लागते.

त्यानंतरचा साठावा अंक मी तीनदा वाचला. शेकडो जणांचं रक्त प्यालेला हा माणूस लेकरासाठी आकांत करतो, आणि आपल्याला त्याची कीव येते. असं वाटावं याची लाजही वाटते. पुढे जेनस सोनेरी देवदूत होऊन परततो, ते मला आजही पटत नाही. मरण मरणच राहायला हवं होतं.

पण मग एकोणसत्तरावा अंक येतो. पिशाचांच्या तावडीत सापडलेल्या मुलांना वाचवायला ड्रॅक्युला स्वतः क्रूस उचलतो. तळहात भाजत असतो, तरी सोडत नाही. जेनस नसता, तर हा हात पुढे आला नसता असं मला वाटतं.

त्याच्यासमोर दुसरा बाप आहे: क्विन्सी हार्कर. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत शेवटी जन्मलेलं बाळ इथे चाकांच्या खुर्चीतला म्हातारा झालंय. त्याच्या लेकीला, इडिथला, ड्रॅक्युलानं पिशाच केलं ते बाराव्या अंकात. तिला सोडवणं म्हणजे मारणं, आणि ते बापालाच करावं लागलं. सत्तराव्या अंकात तो एकटाच ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात जातो आणि खुर्चीच्या चाकाची चांदीची तार त्याच्या छातीत खुपसतो. खुर्चीत स्फोटकं आहेतच. परतायचा बेत नव्हता.

बारावा आणि सत्तरावा अंक मी टेबलावर शेजारी ठेवले. क्विन्सीचा चेहरा दोन्हीकडे भिंगाखाली पाहिला. डोळ्यांखालची काळी शाई सुरुवातीपासून तिथेच होती. इतकी वर्षं मी ती फक्त तंत्र म्हणून मुलांना शिकवत आलो होतो.